ईशान्येचा खड्डा

मी स्वभावानं भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. ‘जर्मनीतलं माळीकाम’ असा विषय सुचवताना संपादकांच्या डोळ्यांसमोर गुलाब आणि लॅव्हेंडर असणार. तेही येईल ओघानं. पण सोळा वर्षं दुसऱ्यांच्या बागा उभ्या करताना रोज माझ्या सोबतीला कोण असेल, तर ती भीती. आणि माझ्याबद्दल आपल्या मंडळींत जी एक गोष्ट अजून कौतुकानं सांगितली जाते, ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी लिहायची म्हणून हा लेख.

माझं माहेर आटपाडीचं. पावसाची वाट बघण्यात बालपण गेलं, मग शेतकीची पदवी घेतली, एका केमिस्टशी लग्न करून लुडविग्सहाफेनला आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर, अडतिसाव्या वर्षी, अठरा-अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बसून बागकामाचं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण घेतलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, डिग्री घेऊन माती उकरायला चाललीस?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या धंद्यात माती उकरणं हेच मुख्य. बाहेरच्यांना वाटतं, माळी म्हणजे रोपं लावणारा. रोपं येतात अगदी शेवटी. त्याआधी उतार काढायचा, पाण्याला वाट द्यायची, दगडी पायवाटा बसवायच्या, टाक्या पुरायच्या. चांगल्या बागेचा निम्मा भाग जमिनीखाली असतो आणि तो नीट झाला असेल तर कुणाला दिसत नाही. त्यामुळे त्याचं कौतुकही कुणी करत नाही.

आमच्या मालकाचं नाव हेर्मान. चार माणसं, दोन गाड्या आणि एक बागर, म्हणजे आपल्याकडच्या जेसीबीचं लहान भावंड, एवढा त्याचा पसारा. हेर्मान दिवसाला फार तर वीस वाक्यं बोलायचा, त्यातली निम्मी "जा" आणि "गेनाऊ", म्हणजे "हो" आणि "बरोबर". बाई माणूस आणि त्यातून परदेशी, म्हणून पहिली दोन वर्षं त्यानं मला फक्त खुरपणी दिली. तिसऱ्या वर्षी काही न बोलता बागरची किल्ली हातात ठेवली. त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला होता.

आता भीतीचं. सुरुवात झाडापासून झाली. एका कोरड्या उन्हाळ्यात, भर दुपारी, पानसुद्धा हलत नसताना एका बीचच्या झाडाची माझ्या कमरेएवढी जाड फांदी खाली आली. त्याखालच्या बाकावर दहा मिनिटांपूर्वी मी पोळी-भाजी खाऊन उठले होते. डबा तिथंच राहिला होता, तो चपटा झाला. तहानलेली झाडं अशी न सांगता फांद्या टाकतात, असं हेर्माननं सांगितलं आणि तो करवत आणायला गेला. तेव्हापासून मी डबा गाडीत बसून खाते.

गिऱ्हाइकांचीही भीती वाटायची, पण ती वेगळी. एका गृहस्थांना बिनकटकटीची बाग हवी होती. म्हणजे जमिनीवर काळं कापड आणि त्यावर पांढरी खडी, बस. मी सांगून पाहिलं, की खडी तापते आणि रात्रभर तापलेलीच राहते. ते म्हणाले, "मला झाडं नकोत, शांतता हवी." जुलैत त्यांचा फोन आला. दिवाणखान्यात बसवत नाही, शुक्रवारपर्यंत सावली देणारं झाड आणून लावा म्हणाले. शुक्रवारपर्यंत! मी तीन वेळा "हो, बघते" म्हटलं, कारण मला ‘नाही’ म्हणता येत नसे. माझा हा दोष लक्षात ठेवा.

पण खरी भीती जमिनीखालची. इथल्या मोठ्या कारखान्यामुळे युद्धात या गावावर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. त्यातले काही फुटलेच नाहीत. मऊ जमिनीत शिरले आणि तिथंच राहिले. अजूनही कुठं पाया खणताना एखादा सापडतो. मग आजूबाजूचे रस्ते रिकामे करतात, जाणकार लोक येऊन तो निकामी करतात आणि रहिवासी घरी जाऊन जेवतात. म्हणून खोल खणायचं तर आधी अर्ज करायचा. सोबत घराचा नकाशा, त्यात खणायची जागा लाल पेन्सिलीनं रंगवलेली. कचेरीत युद्धाच्या काळात विमानांतून काढलेले फोटो असतात. ते बघून त्या रंगवलेल्या जागेपुरता परवाना येतो, की इथं खणायला हरकत नाही. त्या परवान्याला आम्ही फ्रायगाबे म्हणतो. हेर्मानचा नियम एकच होता. फ्रायगाबे हातात असल्याशिवाय बागरची किल्ली फिरवायची नाही.

तर २०१८चा उन्हाळा. एप्रिलपासून आभाळ कोरडं, ओढे आटलेले, हिरवळीला पाणी घालायला बंदी. ऱ्हाईनकाठच्या वाळूत तर गवत भाजल्यासारखं झालं होतं. अशात अभिजित घोरपडेचा फोन आला. अभिजित केमिकल इंजिनिअर. आखातात आठ वर्षं नोकरी करून इकडं आलेला, आणि नुकतंच जुनं घर विकत घेतलेला.

"ताई, तिकडं खऱ्या वाळवंटात माझ्याकडं बोगनवेल फुलत होती हो," तो म्हणाला. "इथं साधं गवत जगेना. दोन माळी झाले. एकानं खडी टाकली, दुसरा अर्धं खणून गायब. मला भरवशाचा माणूस पाहिजे."

भरवशाचा माणूस निवडायची त्याची पद्धत म्हणजे लॅपटॉपवर केलेला तक्ता. मी बाग बघायला गेले, आणि त्याची बायको रेणुका चहा घेऊन आली तेव्हा माझी तोंडी परीक्षा चालू होती.

"तुम्हाला किती गिऱ्हाइकांनी पुन्हा बोलावलं?"

"फारसं नाही. झाडं मेली नाहीत, मग कशाला बोलावतील?"

रेणुका हसली आणि अभिजितनं लॅपटॉप मिटला. काम मला मिळालं.

हे काम मी आटपाडीच्या डोक्यानं आखलं. हिरवळ काढून टाकायची. वाळूत कंपोस्ट मिसळायचं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. लॅव्हेंडर, थाइम आणि जाड पानांची, पाणी साठवून ठेवणारी रोपं. आणि सगळ्याचा जीव म्हणजे जमिनीखाली मोठी टाकी, छपरावरून येणारं पावसाचं पाणी साठवायला. पाऊस पडतो तेव्हा साठवायचा, हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. टाकीची जागा पश्चिमेला, छपराचा पन्हळ उतरतो तिथं. मी लाल पेन्सिलीनं ती रंगवली, हेर्माननं सही केली, जुलैत फ्रायगाबे आली. हेर्मान सुट्टीवर समुद्राकडं निघून गेला. जाताना म्हणाला, "ही बाग तुझी."

आणि मग नाना बागेत आले.

नाना म्हणजे अभिजितचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, सांगोल्याचे. आयुष्यभर विहिरी खणून घेण्याचं काम केलेले. गुडघे गेलेले, पण नजर तीक्ष्ण. तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते, त्यातले आता अकराच दिवस उरले होते. मी आटपाडीची म्हटल्यावर त्यांनी मला आपली मुलगीच करून टाकलं. खुर्ची टाकून माझं काम बघत बसायचे. एक दिवस नकाशा मागितला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पाणी पश्चिमेला? कुणी सांगितलं? पाणी ईशान्येला पाहिजे, पोरी."

ईशान्य कोपऱ्यात पूर्वीच्या मालकाची शेड होती. अभिजितनं ती वसंतात पाडून खालचा काँक्रीटचा थर काढून टाकला होता. मोकळी जागा होती. पन्हळापासून नळ लांबवला की झालं. कामाच्या दृष्टीनं अडचण काहीच नव्हती. अडचण होती ती परवान्याची. फ्रायगाबे पश्चिमेच्या तुकड्याची होती. नवा अर्ज करायचा तर सहा आठवडे.

"श्रावणातला गुरुवार आहे, नऊ अठ्ठेचाळीसचा मुहूर्त," नाना म्हणाले. "पहिला टिकाव मी मारीन. पुन्हा इकडं येणं होईल असं वाटत नाही."

अभिजित मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, कागदावर पत्ता तर हाच आहे ना? पाच-सात मीटरचा तर प्रश्न. नानांचं मन मोडवत नाही हो."

मला हेर्मानला फोन करता आला असता. तो समुद्रावर होता, चंद्रावर नव्हता. फोन केला नाही, कारण तो काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. आणि नानांना नाही म्हणायचं कसं? आपल्या माणसांत वडीलधारं माणूस शेवटचं मागणं मागतं तेव्हा कागद दाखवायचा नसतो, अशा घरात मी वाढले. मी म्हटलं, "बरं, नाना." त्या दोन शब्दांनंतर आठवडाभर मला जेवण गेलं नाही. बाजारात भाजी घेताना, गाडी चालवताना मी स्वतःला सांगत होते, की गावात हजारो बागा आहेत, लोक रोज खणतात, कुणाला काही होत नाही.

गुरुवारी सकाळी टिकावाला हळदकुंकू लागलं. नानांनी बागरच्या खणायच्या बादलीवर कुंकवानं स्वस्तिक काढायला बोट उचललं आणि मी त्यांचा हात धरला. "नाना, अहो इथं ते नको, शेजारी भलतंच समजतील. श्री काढा." त्यांनी श्री काढला. नऊ अठ्ठेचाळीसला टिकाव मारला, वीतभर वाळू उडाली. रेणुकानं ओवाळलं. अभिजित मोबाइलवर चित्रण करत होता. नारळ मात्र नानांनी राखून ठेवला. सांगोल्याकडच्या विहिरींवर त्यांचा रिवाज असा, की खोली कमरेएवढी झाली की नारळ फोडायचा. काठाशी दगडही मांडून ठेवला होता त्यांनी.

मी बागरवर बसले. वाळू सुरेख निघत होती. सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणी हात न लावलेली जमीन. मला तेव्हाच ते खटकायला हवं होतं. शेडखाली कुणी कधी बटाटेसुद्धा लावले नव्हते, म्हणजे युद्धात तिथं जे पडलं असेल ते तिथंच असणार.

कमरेएवढी खोली झाली आणि बादलीचा दात कशावर तरी टेकला.

दगड लागला तर बादली उडी मारते. पाइप लागला तर खणकन आवाज येतो. हे दोन्ही नव्हतं. दबका, जड आवाज होता आणि तो मला कानांपेक्षा बसायच्या जागेतून कळला. मी इंजिन बंद केलं. दातांखालून वाळू हळूहळू ओघळत होती आणि त्यातून गंजलेली, गोलसर पाठ दिसू लागली. हंड्याच्या पोटाएवढी.

  मी हळूच खाली उतरायला लागले. आणि तेवढ्यात काठावर उभे असलेले नाना आनंदानं ओरडले, "लागला गं, खडक लागला!" आणि नारळ धरलेला हात त्यांनी डोक्यावर नेला.

"नाना, नारळ फोडू नका!"

असला आवाज माझ्या गळ्यातून त्याआधी कधी निघाला नव्हता आणि नंतरही नाही. नाना हात वर धरून तसेच उभे राहिले. रेणुकाच्या हातातल्या तबकातलं निरांजन कलंडलं.

"नारळ खाली आणा. हळू. कुणी पळू नका. सगळे घराच्या पलीकडच्या बाजूनं रस्त्यावर चला."

"ताई, काय आहे?" अभिजितनं विचारलं. आणि मग त्याला समजलं. तो मोबाइल गवतावर टाकून नानांकडं आला. पण नानांना भरभर चालता येत नव्हतं. एक-एक पाऊल टाकत ते निघाले, मी मागून. घराच्या कोपऱ्यापर्यंत वीस पावलं असतील. ती वीस पावलं मला आजही येता-जाता चालावी लागतात. मानेच्या मागे काहीतरी होईल, आत्ता होईल, असं वाटत होतं. नाना मध्येच थांबले, दम घ्यायला. मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले. मी मोठ्या धीरानं उभी राहिले असं अभिजित अजून सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला पुढं पळून जायचं होतं आणि वाट अरुंद होती.

पोलीस आले, रस्ते बंद झाले, आम्हाला आणि शेजाऱ्यांना शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे व्यायामाच्या मोठ्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. तिथं एक मिशीवाला माणूस आला, बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीचा. तो खड्ड्याच्या काठावरून बघून आला होता. शांतपणे म्हणाला, बॉम्ब मोठा आहे आणि त्याचा स्फोटक खटका अशा जातीचा आहे, की तो कधी बिघडेल सांगता येत नाही. हलवता येणार नाही, तिथंच उघडावा लागेल. मी त्याला नारळाचं विचारलं. नारळ म्हणजे काय ते सांगावं लागलं. तो म्हणाला, "त्यानं काही झालं नसतं. तुमच्या बादलीच्या दातानं झालं असतं. तो खटक्यापासून दोन बोटांवर होता."

दोन बोटं. मी माझी बोटं पाहत बसले. शेजारच्या घरातल्या आजी मांजराची टोपली मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.  पलीकडं नाना भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. नारळ त्यांच्या पिशवीत होता. मिशीवाला माणूस आता त्या खड्ड्यात उतरला असेल, या एका विचाराशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तोही कुणाच्या तरी घरचा होता आणि माझ्या ‘बरं, नाना’मुळे तिथं गेला होता.

पोलिसानं परवाना मागितला. मी फ्रायगाबे काढून दिली. त्यानं पत्ता पाहिला, शिक्का पाहिला, नक्कल करून घेतली आणि म्हणाला, "सगळं व्यवस्थित आहे." नकाशाचं पान त्यानं उलटलंच नाही. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला जाहीर झालं, की बॉम्ब निकामी केला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले.

आणि मग सुरू झालं कौतुक. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर अभिजितनं लिहिलं, ‘वंदनाताई होत्या म्हणून आम्ही आहोत.’ कुणी लिहिलं, वास्तुशास्त्र खोटं म्हणणाऱ्यांनी डोळे उघडावेत, टाकी पश्चिमेला झाली असती तर बॉम्ब जन्मभर बागेखाली राहिला असता. न्युरेम्बर्गहून, गार्चिंगहून फोन. ‘आम्हाला बागेसाठी भरवशाचं कुणीतरी हवंय, तुमचंच नाव सगळे सांगतात.’ हेर्मानचाही फोन आला. "इंजिन लगेच बंद केलंस. शाबास," एवढंच म्हणाला. त्याच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. मी ती घेतली आणि फोन ठेवला.

नाना निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. ते बागेत खुर्चीवर बसले होते. खड्डा बुजवून टाकला होता. वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझा दंड धरून मला तिथंच खाली बसवलं.

"तुला नाही म्हणायचं होतं," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी तुझ्या तोंडावर दिसत होतं. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. पन्नास वर्षं माणसं खड्ड्यात उतरवली मी. खड्ड्यात उतरणाऱ्याचं तोंड वाचता येतं मला."

मी बुजवलेल्या खड्ड्यावरची वाळू तळहातानं सारखी करायला लागले.

"तुझ्या मालकाला सांगितलंस?"

"नाही, नाना."

"मग सांग. मी उद्या विमानात बसून जाणार. तुला इथं राहायचंय, रोज माणसांना घेऊन खणायचंय."

सोमवारी सात वाजता मी हेर्मानच्या टेबलासमोर उभी राहिले आणि नकाशा पसरला. लाल तुकडा दाखवला, मग खड्ड्याची जागा दाखवली. त्यानं चष्मा लावला. दोन्ही जागांवर बोट ठेवून पाहिलं. जागा वेगळी आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं का, मी विचारलं. पेपरातल्या बातमीत तर फोटो होता.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "बाग तुझी होती ना."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी खिशातून बागरची किल्ली काढून नकाशावर ठेवली. ती त्यानं परत दिली नाही आणि तो निवृत्त होईपर्यंत मी मागितली नाही. त्यानं कचेरीचा नंबर फिरवला, दोन वाक्यं बोलला आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी तळवे पँटला पुसून तो घेतला. पलीकडं एक बाई होत्या, आवाज मृदू होता. त्यांनी नाव विचारलं, पत्ता विचारला, तारीख विचारली. मग विचारलं, परवान्यात नसलेल्या जागी खणायचं कुणी ठरवलं?

नानांचं विमान तेव्हा मुंबईत उतरलेलंही होतं. अभिजित ऑफिसात असणार.

"मी," मी म्हटलं.